लिंबाचा ठराव

महिन्याचा तिसरा गुरुवार.
चर्चच्या तळघरात शीतपेट्या उतरतात,
प्रत्येकीवर खडूने लिहिलेलं एकेक शेत.
ओक्लाहोमाची लाल माती
पायऱ्यांवरून आमच्यासोबत खाली येते.

ऑर्फा क्राटोच्विलची अंडी, बारा डझन,
चार निळसर, एकाला अजून पीस चिकटलेलं.
डेल्बर्ट योकमचं मांस, कागदात गुंडाळलेलं,
टेबलावर ठेवलं की दगडासारखं वाजतं.
थुई-दिएमची मोहरीची पानं,
इतकी ताजी, की हिशेबाच्या कागदावर पाणी ठिबकतं
आणि कोणाचं तरी नाव फुटतं.

मी सभासद क्रमांक दोनशे चौदा.
छत्तीस वर्षं टपाल वाटलं, म्हणून वाटपाचं काम माझं.
पत्रं बंद असायची. या याद्या उघड्या.
कोण आता एकट्यापुरतं मागवतं,
कोणाच्या घरी दुधाच्या दोन बाटल्या वाढल्या,
कोणी अचानक मिठाचं लोणी सोडलं,
मला कळतं. मी बोलत नाही.

आमचा नियम साधा: राज्याच्या हद्दीत पिकेल तेच विकायचं.
एकावन्न डॉलर भरले की तुम्ही मालक,
नऊशे एकरवाला डेल्बर्टही
आणि मुळ्याची एक टोपली आणणारी ती शाळकरी पोरही.

जानेवारीच्या सभेत थुई-दिएम उभी राहिली.
टेक्सासच्या टोकाला तिच्या मावसभावाची तीन झाडं आहेत,
लिंबं गळून जातात. महिन्याला एक पेटी.
एवढंच.

ऑर्फा उठली. "आज लिंबू, उद्या केळं,
परवा म्हणाल समुद्र आणा.
माझ्या आईने ऐंशी वर्षं व्हिनेगरवर काढली."
पुढचं खोकल्यात गेलं.
तिचा खोकला नोव्हेंबरपासून आहे, कोरडा.
पोराने पाण्याचा पेला दिला.
डेल्बर्ट म्हणाला, हद्द म्हणजे काय, कुंपणच ना,
आणि कुंपणाची बाजू घेतोय की तोडण्याची
हे कोणालाच नीट कळलं नाही.

मग मतदान.
एरवी हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं,
इथे उलटं. वर केलेला हात खाली आला
तरी वर्षभर तुमच्याच खांद्याला लटकतो.
ठरावाच्या बाजूने तीस.
विरोधात मोजायला लागले,
मी इकडेतिकडे पाहिलं, ऑर्फाचा हात थरथरत होता,
आणि माझा वर गेला.
एकतीस.

का, ते विचारू नका.
नियम मोडला की एखादी गोष्ट कुठे थांबवायची
हे मला टपालखात्यातही कधी उमगलं नव्हतं.

त्या रात्री मासा तळला.
फ्रीजमधून लिंबू काढलं, महामार्गावरच्या मोठ्या दुकानातलं,
अंगावर चकचकीत गोल चिठ्ठी.
कुठल्या देशाचं ते छापलेलं होतं,
कोणाचं ते नाही.
पिळलं. मासा चांगला झाला होता.

फेब्रुवारीचा तिसरा गुरुवार.
पेट्या भरताना ऑर्फाच्या कोबीखाली
हाताला एक तपकिरी पिशवी लागली.
आत तीन लिंबं. यादीत नोंद नाही,
बिलात आकडा नाही.
आमच्या घटनेत विकण्याची बारा कलमं आहेत,
देण्याचं एकही नाही.

ऑर्फा आली. झाकण उचललं. खाली ठेवलं.
कोबीचे पैसे मोजून दिले,
जाताना थुई-दिएमच्या टेबलापाशी थांबली
आणि म्हणाली, "थंडी हटत नाही यंदा."
थुई-दिएम म्हणाली, "हटेल."

सगळे गेल्यावर
मी माझी पेटी उघडून पाहिली, तळापर्यंत.
मोहरीची पानं, अर्धा डझन अंडी, रताळी दोन किलो.
जे मागवलं होतं तेच,
नगाला नग बरोबर.